गावचा पंप आणि गावाची जबाबदारी

निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाच्या मनात पाण्याची एक रांग कायमची उभी असते. पहाटेचा गारवा, हातातली बादली, आपला नंबर येईपर्यंत चाललेली कुजबुज आणि धार बारीक झाली की 'आधी तू भरून घे' असे म्हणण्याची किंवा न म्हणण्याची लहानशी परीक्षा. पुस्तकातल्या अनेक गोष्टी पुढे विस्मरणात जातात. ही रांग मात्र जात नाही. एकत्र राहणे म्हणजे काय, याचा पहिला धडा तीच देते.

अशीच रांग इंग्लंडच्या खेड्यांतही लागत असे, आणि तीही फार जुन्या काळी नव्हे. कित्येक गावांत ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लागत होती. आज त्या गावांत गेल्यास चर्च, त्याच्या आसपासची जुनी घरे, मधले हिरवळीचे मैदान आणि त्या मैदानाच्या कडेला उभा असलेला एक लोखंडी पंप दिसतो. त्याला काळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो, पायथ्याशी फुलझाडे लावलेली असतात, कुठे त्यावर चार खांबांचे छोटेसे छप्पर असते. दांडा बहुधा हलत नाही. तो पक्का बसवून टाकलेला असतो. असे अनेक पंप कायद्याने संरक्षित वारसावास्तू म्हणून नोंदलेले आहेत. प्रवासी त्यांच्याजवळ उभे राहून छायाचित्रे घेतात. या पंपाने कधी काळी गाव जगवले आणि कधी गावात मरणही आणले, हे मात्र त्या छायाचित्रात दिसत नाही.

इंग्रजीत 'पॅरिश पंप' असा एक शब्दप्रयोग आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील प्रदेश. पुढे तोच ग्रामीण कारभाराचा सर्वांत खालचा घटक ठरला. 'पॅरिश पंपाचे राजकारण' असे कोणी म्हटले की त्यात उपहास असतो. आपण 'गल्लीतले राजकारण' म्हणतो, तसाच त्याचा अर्थ : क्षुल्लक, आपल्यापुरते, दूरचे न पाहणारे. परंतु पंपाचा इतिहास वाचत गेल्यावर या उपहासाचे नवल वाटू लागते. पाणी कोणी द्यायचे, कोणी घ्यायचे, ते शुद्ध आहे हे कोणी ठरवायचे आणि बिघडलेला पंप कोणी दुरुस्त करायचा, या चार प्रश्नांना क्षुल्लक म्हणता येईल का? प्रस्तुत लेखात या चार प्रश्नांच्या आधाराने इंग्लंडच्या गावपंपाची कहाणी सांगण्याचा प्रयत्न आहे.

पंपापूर्वीचे पाणी

इंग्लंड हा पावसाचा देश आहे. तेथे पाण्याची टंचाई कसली, असे आपल्याला वाटते. पण पाऊस पडणे आणि घरात पिण्याचे पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको. दक्षिण इंग्लंडचा मोठा भाग खडूच्या खडकाचा आहे. हा मऊ, पांढरा चुनखडक पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेतो. त्यामुळे टेकड्यांच्या माथ्यावर ओढे नाहीत आणि भूजल शेकडो फूट खाली. टेकडीच्या पायथ्याशी जेथे झरे फुटतात तेथे गावे वसली. माथ्यावरच्या वस्त्यांना मात्र डबकी, पावसाचे साठवलेले पाणी आणि खोल विहिरी यांवर दिवस काढावे लागत.

घराच्या पन्हाळीखाली लाकडी पिंप ठेवून पावसाचे पाणी धरणे ही सर्वत्र रूढ पद्धत होती. ते पाणी धुण्याभांड्याला चाले. पिण्याचे पाणी विहिरीवरून आणायचे. फ्लोरा थॉम्प्सन या लेखिकेने ऑक्सफर्डशायरमधील आपल्या लहानपणच्या वाडीचे, म्हणजे १८८० च्या दशकातील जीवनाचे, 'लार्क राइज' या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात वर्णन केले आहे. त्या वाडीतील सुमारे तीस घरांपैकी केवळ तीन घरांना स्वतःचे पाणी होते. तेथे सार्वजनिक विहीरही नव्हती आणि पंपही नव्हता. ज्याने त्याने जमेल तेथून पाणी आणावे. घरमालकांवर ती जबाबदारी नव्हती.

पाणी वाहण्याचे काम बहुतांशी स्त्रिया आणि मुले करीत. त्यासाठी मानेभोवती आणि दोन्ही खांद्यांवर नीट बसेल अशी कोरलेली लाकडी कावड असे. तिच्या दोन टोकांना साखळीने बादल्या अडकवायच्या. बादल्या पायांवर आपटू नयेत म्हणून मधे एक कडे धरून त्या कड्याच्या आत चालायचे. दोन्ही बादल्यांत मिळून चोवीस लिटर पाणी धरले, तरी बादल्यांचे वजन सोडून चोवीस किलो होतात. अशा कित्येक खेपा रोज, आणि धुण्याच्या दिवशी त्याहून अधिक. इंग्लंडच्या रम्य खेड्याचे चित्र पाहताना ही वाकलेली मान विसरता कामा नये.

विहिरीतून पाणी काढण्याची जुनी साधने म्हणजे दोर, बादली आणि रहाट. उघड्या विहिरीत पालापाचोळा, जनावरे, क्वचित लहान मुलेही पडत. विहिरीवर झाकण घालून पंप बसविला की हा धोका टळे, कष्ट कमी होत आणि दोर ओढण्याइतके बळ नसलेल्या मुलालाही पाणी मिळे. म्हणून पंप आला तेव्हा तो गावाला मोठीच सोय वाटला.

दट्ट्या, झडप आणि हवेचे वजन

या पंपाची रचना अत्यंत साधी आहे. आपल्याकडे ज्यांनी हापसा मारला आहे त्यांना ती चटकन समजेल. एक उभे नळकांडे, त्यात वरखाली सरकणारा दट्ट्या, दट्ट्याभोवती घट्ट बसणारा चामड्याचा वॉशर, आणि दोन झडपा : एक दट्ट्यामध्ये, दुसरी नळकांड्याच्या तळाशी. दोन्ही झडपा फक्त वरच्या दिशेने उघडतात. नळकांड्याच्या खाली विहिरीतील पाण्यात बुडालेला नळ असतो.

दांडा खाली दाबला की तरफेमुळे दट्ट्या वर जातो. त्याची झडप मिटलेली असते, म्हणून वरचे पाणी उचलले जाऊन तोटीतून बाहेर पडते. त्याच वेळी दट्ट्याखाली दाब कमी होतो, तळाची झडप उघडते आणि विहिरीतील पाणी वर चढते. दांडा वर नेला की दट्ट्या खाली येतो. आता तळाची झडप मिटते, दट्ट्याची उघडते आणि आत आलेले पाणी दट्ट्याच्या वर जाते. पुन्हा दांडा दाबायचा. काही दिवस पंप वापरला नाही तर चामडे वाळते, आकसते आणि हवा आत शिरते. मग वरून थोडे पाणी ओतून चामडे भिजवावे लागते. पाणी मिळविण्यासाठी आधी थोडे पाणी द्यावे लागते, हा अनुभव दोन्ही देशांतील माणसांना सारखाच आहे.

पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. खरे पाहता तो ओढत नाही. विहिरीच्या पाण्यावर हवेचे वजन असते. नळकांड्यातील दाब कमी झाला की बाहेरची हवा पाण्याला खालून वर ढकलते. ही गोष्ट समजायला माणसाला फार वेळ लागला. सुमारे दहा मीटरपेक्षा अधिक उंचीवर ओढपंप पाणी चढवू शकत नाही, याची नोंद गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात केली होती. त्याचे खरे कारण त्याचा शिष्य टॉरिचेली याच्या १६४३ च्या विचारांतून पुढे आले. पाण्यापेक्षा साडेतेरापटींहून अधिक जड असलेला पारा त्याने वापरला. एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उपडी केली, तेव्हा पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. हवेचे वजन तेवढाच पारा तोलू शकत होते. त्याच हिशेबाने पाणी सुमारे १०.३ मीटरपर्यंत तोलले जाते. आपण शाळेत ज्याला वायुभारमापक म्हणतो त्याचा जन्म येथे झाला. पंपाच्या अपयशातून विज्ञानाला एक मोठे सत्य सापडले.

प्रत्यक्षात सांधे थोडेफार गळतात, वॉशर झिजतो. म्हणून साधा ओढपंप सात-आठ मीटर खोलीपर्यंतच नीट चालतो. पाणी त्याहून खोल असेल तर दट्ट्याचे नळकांडेच विहिरीत खाली उतरवावे लागते आणि वरच्या दांड्याला लांब सळई जोडून ते चालवावे लागते. मग पाणी ढकलण्याचा नव्हे, तर उचलण्याचा प्रश्न राहतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा; लेखाच्या शेवटी तो पुन्हा येणार आहे.

एल्म, शिसे आणि बीड

पंप हे यंत्र इंग्लंडला रोमन काळातच माहीत होते. हँपशायरमधील सिल्चेस्टर या रोमन नगराच्या उत्खननात लाकडी ठोकळ्यात शिशाची नळकांडी बसविलेला पंप मिळाला आहे. परंतु खेड्यांपर्यंत पंप पोहोचायला अनेक शतके जावी लागली. जुने गावपंप लाकडाचे असत. एल्म वृक्षाचे सरळ खोड घेऊन लांब गिरमिटाने ते आरपार पोखरीत. एल्मचे लाकूड सतत ओले राहिले तर सहसा कुजत नाही, म्हणून त्याची निवड होई. काही ठिकाणी शिशाचे पंप होते. शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणतात. शिशाचे नळ करणारा तो 'प्लंबर'. आज प्लॅस्टिकचे नळ जोडणाऱ्यालाही आपण त्याच नावाने हाक मारतो.

पुढे लोखंडाने चित्र बदलले. श्रॉपशायरमधील कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी याने १७०९ मध्ये लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड वितळविले आणि बिडाचे ओतकाम हळूहळू स्वस्त होत गेले. एकोणिसाव्या शतकात बिडाचे पंप साच्यातून मोठ्या संख्येने निघू लागले. सुतार आणि प्लंबर यांच्या हातची वस्तू कारखान्याची झाली. तुटलेला भाग तसाच दुसरा मागवता येऊ लागला. हिवाळ्यात आतले पाणी गोठून पंप फुटू नये म्हणून त्याला गवत आणि गोणपाट गुंडाळण्याची पद्धत होती.

पंप कोणी दिला?

गावात पंप यायचा कसा? पुष्कळदा तो कोणाच्या तरी दानातून येई. जमीनदार, धर्मगुरू किंवा एखादी श्रीमंत विधवा गावाला पंप देई आणि त्यावर नाव व साल कोरले जाई. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८८७ मध्ये पन्नास आणि १८९७ मध्ये साठ वर्षे झाली, तेव्हा अनेक गावांनी स्मारक म्हणून पंप किंवा कारंजी उभारली. पुतळ्यापेक्षा पाणी बरे, असा शहाणा विचार त्यामागे होता.

अशा दानांतील सर्वांत विलक्षण दान भारतातून गेलेले आहे. ऑक्सफर्डशायरमधील चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचे गाव आहे. तेथे भूजल इतके खोल की लोकांना मातीच्या खाणींत साठलेल्या गढूळ पाण्यावर राहावे लागे. एका घरात स्वयंपाकाला वापरलेले पाणी दुसऱ्या घरात पुन्हा वापरले जाई. जवळच्या इप्सडेन येथील एडवर्ड अँडरडन रीड हे कंपनी सरकारच्या सेवेत उत्तर भारतात होते. त्यांनी १८३१ मध्ये आझमगढ येथे लोकांसाठी विहीर खोदण्यास साहाय्य केले होते. आपल्या गावाकडे चोरून पाणी प्यायल्याबद्दल मुलांना आईचा मार कसा खावा लागतो, हे त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितले होते. ही गोष्ट महाराजांच्या मनात राहिली. १८५७ च्या उठावात महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. त्यामुळे या दानाला राजनिष्ठेचीही एक बाजू होती, हे प्रामाणिकपणे नोंदले पाहिजे. तरीही इंग्लंडमध्ये काही द्यायचे ठरले तेव्हा त्यांनी निवडली ती विहीर.

१८६३ मध्ये काम सुरू झाले. सुमारे चार फूट व्यासाची ही विहीर माणसांनी हाताने ३६८ फूट, म्हणजे सुमारे ११२ मीटर, खोल खणली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची उंची ३६५ फूट आहे. हे भव्य चर्च विहिरीत उतरविले तर त्याचे टोकही वर दिसणार नाही. २४ मे १८६४ रोजी, राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. एवढ्या खोलीवर ओढपंपाचा काही उपयोग नव्हता. म्हणून मोठ्या चाकाचा रहाट बसविण्यात आला. त्याच्या वर घुमट आहे आणि यंत्रावर सोनेरी हत्ती उभा आहे. पाणी सर्वांना विनामूल्य होते. सत्तर वर्षांहून अधिक काळ गाव या विहिरीवर जगले.

या दानात एक गोष्ट विशेष शिकण्यासारखी आहे. विहिरीबरोबर रखवालदारासाठी छोटे घर बांधण्यात आले आणि शेजारी चेरीची बाग लावण्यात आली. तिचे नाव 'ईश्वरी बाग'. फळांच्या विक्रीतून विहिरीची निगा राखायची, अशी योजना होती. दान देणारे पुष्कळ असतात. दान दिलेली वस्तू वीस वर्षांनी कोण दुरुस्त करणार, याचा विचार करून देणारे थोडे.

गोड पाणी, घातक पाणी

पंप आला, विहीर झाकली गेली, पाणी स्वच्छ दिसू लागले. येथेच एक भयंकर फसवणूक दडलेली होती. तिचा उलगडा होण्यासाठी थोडा वेळ गाव सोडून लंडनला जावे लागेल, कारण खेड्यातील पंपाचे भवितव्य शहरातील एका पंपाने ठरविले.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भीषण साथ उसळली. सहाशेहून अधिक माणसे मेली. दुर्गंधीयुक्त हवेने रोग पसरतो, अशी त्या काळी बहुतेक वैद्यांची समजूत होती. यॉर्क शहरातील एका मजुराचा मुलगा असलेले डॉक्टर जॉन स्नो यांना हे पटत नव्हते. त्यांनी मृतांच्या घरी जाऊन पाणी कोठून आणत होता, एवढा एकच प्रश्न विचारला. बहुतेक घरे ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपास होती. जवळच्या गरीबखान्यात ५३५ माणसे राहत होती, पण तेथे केवळ पाच मृत्यू झाले. त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या मद्यशाळेतील सुमारे सत्तर कामगारांपैकी कोणीही मेले नाही. दूरच्या हॅम्पस्टेडमधील एक विधवा मात्र दगावली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ते ती मुद्दाम मागवीत असे.

स्नो यांनी पॅरिशच्या मंडळापुढे आपले म्हणणे मांडले आणि ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीही मान्य केले आहे. त्यांच्या मताला प्रथम विरोध करणारे तरुण धर्मगुरू हेन्री व्हाइटहेड यांनी घरोघरी चौकशी केली आणि शेवटी स्नो यांचेच खरे ठरविले. पंपासमोरच्या घरातील एका तान्ह्या मुलीचे दुपट्टे धुतलेले पाणी शोषखड्ड्यात टाकले जात होते, आणि तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत होता. स्वतःचे मत चुकीचे आहे हे पुराव्यावरून ओळखून ते बदलणारा हा माणूस स्नो यांच्याइतकाच स्मरणीय आहे. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथील संशोधनातून पटकीचा जंतू निश्चित केला. पण स्नो ते पाहायला हयात नव्हते.

आता पुन्हा खेड्याकडे येऊ. इंग्लंडच्या खेड्यातील घरांमागे संडासाचे खड्डे होते, उकिरडे होते, डुकरांची खुराडी होती आणि त्यांच्याच शेजारी उथळ विहीर होती. पंप त्याच विहिरीवर बसविलेला. जमिनीत मुरलेली घाण विहिरीत उतरे, आणि पटकीइतकाच भयंकर विषमज्वर गावात घर करून बसे. १८७४ मध्ये नद्यांच्या प्रदूषणाविषयीच्या शाही आयोगाने घरगुती पाण्यासंबंधी अहवाल दिला. त्यात झऱ्याचे आणि खोल विहिरीचे पाणी आरोग्यदायी, तर उथळ विहिरीचे पाणी धोकादायक ठरविले होते. तरीही चवीच्या रकान्यात त्याच उथळ विहिरीच्या पाण्यासमोर 'रुचकर' अशी नोंद होती. जिभेला चांगले लागणारे पाणी शरीराला घातक असू शकते, ही गोष्ट गावकऱ्यांना पटवून देणे फार कठीण होते. 'आमचे आजोबा हेच पाणी प्याले' हे उत्तर जगातील सर्व गावांत एकच आहे.

दानाकडून हक्काकडे

यानंतरची कहाणी कायद्याची आहे. १८७२ च्या कायद्याने संपूर्ण देशात आरोग्य प्राधिकरणे आणि आरोग्य अधिकारी नेमले गेले. १८७८ च्या सार्वजनिक आरोग्य (पाणी) कायद्याने ग्रामीण प्राधिकरणांवर एक नवे कर्तव्य टाकले : प्रत्येक वस्तीच्या घरापासून रास्त अंतरावर आरोग्यदायी पाणी आहे की नाही, हे पाहणे. नवे घर बांधले तर पाण्याची सोय झाल्याशिवाय त्यात राहू देऊ नये, असेही ठरले. 'रास्त अंतर' हे दोन शब्द साधे दिसतात. पण पाणी ही घरमालकाची मेहेरबानी नसून घराचा भाग आहे, ही कल्पना त्यांत कायद्याच्या भाषेत उतरली.

१८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने निवडलेल्या पॅरिश परिषदा आल्या. तोवर गावचा कारभार बहुधा धर्मगुरू आणि करदाते जमीनधारक यांच्या हाती असे. आता शेतमजूरही निवडणुकीला उभे राहू लागले. स्त्रियांनाही, विवाहित असल्या तरी, मत देण्याची आणि निवडून येण्याची मुभा मिळाली. या परिषदांना गावातील विहीर, झरा किंवा ओढा वापरून पाण्याची सोय करण्याचा अधिकार देण्यात आला. पैसा मात्र तुटपुंजा होता. गावसभेच्या संमतीशिवाय पौंडामागे तीन पेन्सहून अधिक कर लावता येत नसे. त्यामुळे पंपाचा वॉशर बदलण्यापासून नवी विहीर खोदण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर चर्चा होई. शहरातील लोक या चर्चांना हसत. त्यांच्या घरी तेव्हा नळाचे पाणी आलेले होते.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ मध्ये, ग्रामीण पाणीपुरवठा आणि मलनिःसारणासाठी इंग्लंड व वेल्सकरिता दीड कोटी पौंडांच्या अनुदानाचा कायदा झाला. युद्धानंतर खेड्यांत नळ पोहोचू लागले. स्वयंपाकघरात तोटी आली, कावड माळ्यावर गेली आणि पंपाजवळची रांग एक दिवस लागलीच नाही. त्या दिवसाची नोंद बहुतेक गावांत कोणी केली नाही. चांगले बदल पुष्कळदा असेच निःशब्द येतात.

गप्पागोष्टींचे ते ठिकाण गेले, अशी हळहळ काही वृद्ध व्यक्त करीत. ती खोटी नव्हती. पण ज्यांनी कावड वाहिली त्यांच्यापैकी कितीजणींना ती परत हवी झाली असती?

दख्खनच्या कातळावर

या इतिहासाची एक शाखा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येते. १९६० च्या दशकात भारतात दुष्काळ पडले आणि कठीण कातळात विंधनविहिरी घेण्याचे काम वाढले. त्यांवर प्रथम जे बिडाचे हातपंप बसविले गेले ते युरोप-अमेरिकेतील पंपांच्या धर्तीचे होते. ते यंत्र मुळात एका शेतघराच्या गरजेसाठी आखलेले. येथे त्यावर शेकडो माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरू लागली. दांडे तुटू लागले, सांधे झिजू लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बसविलेल्या पंपांपैकी फार मोठा भाग बंद पडलेला होता.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच आकाराला आला. जालना आणि सोलापूर येथील विहीरकाम करणाऱ्या कार्यशाळांनी पोलादाचा, एकाच भक्कम सांध्यावर फिरणारा पंप तयार केला. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या सहकार्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप सिद्ध झाला. दट्ट्याचे नळकांडे खोल बोअरमध्ये, वर दांडा आणि मधे लांब सळई : मागे सांगितलेलेच तत्त्व, पण गर्दीचा विचार करून घडविलेले. आपण ज्याला हापसा म्हणतो तो बहुतेक ठिकाणी हाच. पुढे तो आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांतही गेला.

हापशाचा अनुभवही इंग्लंडच्या पंपासारखाच आहे. यंत्र बसविणे सोपे असते. ते चालू ठेवणे अवघड. एका चामड्याच्या वॉशरसाठी गाव महिनोन्महिने दूरचे पाणी वाहते, कारण तो बदलण्याचे काम नक्की कोणाचे, हेच ठरलेले नसते.

म्हणून 'पॅरिश पंप' हा उपहासाचा शब्द न राहता आदराचा व्हावा, असे वाटते. ज्या गावाने पंपाची चर्चा कंटाळा न करता केली, पाणी तपासून घेतले, तपासणीत पाणी वाईट ठरले तेव्हा सवयीपेक्षा पुराव्याला मान दिला आणि दुरुस्तीसाठी आपला वाटा उचलला, त्या गावातील मुले वाचली. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी आज ग्रामपंचायतीत असेल, कोणी गृहनिर्माण संस्थेत, कोणी एखाद्या शाळेच्या व्यवस्थापनात. तेथे पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि सभेत कोणी घड्याळाकडे पाहू लागला, तर वसतिगृहातील ती पहाटेची रांग आठवावी. टाकी शेवटची कधी धुतली, पाणी शेवटचे कधी तपासले आणि बिघाड झाला तर कोणाला कळवायचे, एवढे तीन प्रश्न तेथे विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.